कोपऱ्यातला सुका ढीग

"माझे बाबा घरी पोचलेच नाहीत!"

क्रेनवाल्याची मुलगी कारखान्याच्या फाटकातच इन्स्पेक्टरबाईंना आडवी आली. शहराचा कचरा जाळून वीज करणारा हा कारखाना. बाप इथे क्रेन चालवायचा, नवरा इथेच इंजिनिअर. सकाळी नवऱ्याचा फोन आला होता: बाबांना बरं वाटत नाहीये, घरी पाठवलंय. आता संध्याकाळ होत आली तरी त्यांचा पत्ता नव्हता.

फाटकावरचा पहारेकरी म्हणे, लक्ष नव्हतं. याला पगार कशाचा देतात कोण जाणे.

इन्स्पेक्टरबाई जिना चढून क्रेनच्या काचेच्या केबिनमध्ये आल्या. मुलगी मागोमाग आली. तिला अडवायची कुणाची छाती झाली नाही. खाली विहिरीसारखा खोल बंकर कचऱ्यानं भरला होता. वास थेट डोक्यात जात होता.

जावई क्रेनच्या खुर्चीत बसला होता. घामाघूम.

"सासऱ्यांनंतर क्रेन कोणी चालवली?"

"मीच. दुसरं होतंच कोण?"

"आज चाचणी होती ना?"

"होती. किती कचऱ्यात किती वीज निघते, त्याची. पार वाट लागली. पास झालो असतो तर मॅनेजर झालो असतो मी."

"वाट का लागली?"

"ओला कचरा, बाई. आग धरतच नाही. शेवटी डिझेल जाळून भट्टी जिवंत ठेवली."

"आणि त्या कोपऱ्यात काय आहे?"

कोपऱ्यात पुठ्ठ्यांचा, लाकडांचा उंच ढीग होता. खडखडीत सुका. फक्त त्याच्या माथ्यावर काळा, ठिबकता कचरा पडला होता.

"तिथवर क्रेन पोचत नाही," जावई पटकन म्हणाला.

बाईंनी वर पाहिलं. क्रेनचे रूळ या भिंतीपासून थेट त्या भिंतीपर्यंत गेले होते.

"सासऱ्यांशी काही वाजलं होतं?"

"छे! वडिलांसारखे आहेत ते मला."

"अहो, काल घर डोक्यावर घेतलं होतंत की!" मुलगी म्हणाली. "चाचणीसाठी टायर जाळायचे होते तुम्हाला. बाबा म्हणाले, तो विषारी धूर गावावर सोडणार नाही, साहेबांना सांगतो."

बाई जावयाकडे वळल्या.

"ज्याचा जीव या चाचणीत अडकला होता," इन्स्पेक्टरबाई म्हणाल्या, "त्यानंच आग उपाशी ठेवली. समोर सुका ढीग असताना! का? कारण तो उपसता येत नव्हता. क्रेनचा पंजा कचरा उचलून भट्टीच्या तोंडावर उघडतो, तेव्हा कंट्रोल रूममधली माणसं कॅमेऱ्यात बघत असतात. पंजातून काय पडेल, याची तुला धास्ती होती. गाड्या कचरा ओततात समोरच्या बाजूला. मग ढिगाच्या माथ्यावर ओला कचरा आला कुठून? क्रेन तिथे पोचते. तूच नेलीस."

जावयाचा चेहरा पांढराफटक पडला. "बंकरच्या कठड्यापाशी बाचाबाची झाली. मी ढकललं... रागाच्या भरात."

इन्स्पेक्टरबाईंनी भट्टी बंद करायला सांगितली, माणसं बंकरमध्ये उतरवली. मुलगी मात्र नवऱ्यासमोरून हलली नाही.

"पडले तेव्हा बाबा जिवंत होते?"

तो खुर्चीतून उठायला लागला.

"मी विचारतेय तुम्हाला!"

"हात वर केला होता त्यांनी," तो पुटपुटला. "मग मी पंजा भरून त्यांच्यावर नेला."

ती काचेपाशी गेली. खाली माणसं हातांनी पुठ्ठे बाजूला करत होती.

"बाबांना वाटलं असेल," ती म्हणाली, "तुम्ही त्यांना वर काढायला आलात."