स्वयंपाकघरातला परदेश

चंद्रभागाकाकूंचा चहा हल्ली परदेशातून यायचा, म्हणजे स्वयंपाकघरातून. घराच्या मधोमध फरशीवर निळ्या उजेडाची एक रेघ होती. तिच्या आत काकूंची चूल संघराज्यात, बाहेर दामूकाकांची आरामखुर्ची स्वतंत्र कडेप्रांतात.

“बाई, सांगा तिला, साखर कमी आहे.”

“सांगा त्यांना, तुमच्या देशात पिकवा.”

मधे खुर्ची टाकून बसलेल्या लतिफा मुजावर सरहद्दीच्या मोजणीदार. पण हुद्दा काहीही असो, काम कप इकडून तिकडे देण्याचं. नवरा-बायकोचा चाळीस दिवस अबोला होता.

झालं ते असं. धरणाच्या पाण्यावरून नऊ प्रांतांच्या संघराज्यातून आधी कडेप्रांत फुटला, महिन्याभरात आणखी चार. मग ज्या तोंडाने प्रांत देशातून फुटले, त्याच तोंडाने तालुके प्रांतांतून फुटू लागले आणि बंदुका निघाल्या. माणसं मेली, सगळे थकले, तेव्हा कुठे दोन्ही बाजूंनी कौलपट्टी मान्य केली. मनगटावरची ही पट्टी नाडीचे आणि मज्जातंतूंचे सूक्ष्म प्रवाह वाचते आणि माणसाला मनातून कोणता देश हवाय ते ओळखते. जीभ काहीही बोलो. जसा कौल तशी रेघ, मग ती घरातून का जाईना! एका गावात म्हणे ती देवळाच्या घंटेतून गेली. टोला एका देशात, नाद दुसऱ्यात.

आज दुपारी बाराला सगळ्या रेघा कायमच्या होणार होत्या. अंगणात भिंत घालणारं यंत्र सिमेंट घोळत उभं होतं. एकदा भिंत झाली की पलीकडे जायची मुभा नाही.

“दोघांचा कौल एक झाला तर भिंत टळेल,” मुजावरबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. “एकमेकांशी बोला तरी!”

“सांगा त्यांना, माझं बोलून झालंय.”

काकूंनी आधण उगाचच दोनदा ठेवलं.

बाराला दोन मिनिटं असताना रेघ विझली आणि लगेच पेटली. मुजावरबाईंनी हातातल्या मोजणीयंत्राचा पडदा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

“काका, तुम्ही आता संघराज्याचे. आणि काकू, तुम्ही कडेप्रांताच्या!”

“हिच्याशिवाय प्रांत घेऊन काय करू?” काका पुटपुटले.

“मीही तोच विचार केला,” काकू चुलीकडे तोंड करून म्हणाल्या.

“अहो, पण दोघांनी एकदम नका करू! एक मिनिट उरलंय. एकानेच परत फिरायचं. कोण फिरतंय?”

“मी!” दोघंही एकदम म्हणाले.

रेघ पुन्हा विझली, पुन्हा तिथेच पेटली. यंत्राचा लोखंडी हात दारातून आत आला आणि फरशीवर पहिला थर ओतू लागला.

काकूंनी मुजावरबाईंना खुर्चीसकट बाजूला सारलं.

“अहो,” त्या थेट काकांकडे पाहून म्हणाल्या, “तुम्ही इकडे येता, की मी तिकडे येऊ?”