उजव्या गालातली गाठ

पटलं तर घ्या, नाही तर सोडा. पण हे घडलंय. गेल्या वैशाखात, भर दुपारी, आकुर्डीच्या पुढं एका हॉस्पिटलच्या तळघरात. नाव सांगत नाही. सांगून कुणाचं काय वाकडं होणार आहे?

ज्योतीराम राहायला निघोज्यात, कामाला चाकणच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रे दाबायच्या मशीनवर. तंबाखूनं उजव्या गालात कॅन्सरची गाठ धरलेली. किरणं नेमकी कुठं मारायची, ते ठरवायला आज एमआरआय होता. लवकर सुरू झालं तर वाचेल, एवढंच डॉक्टर बोलले होते.

आधी मास्क. डोकं हलू नये म्हणून जाळीचं प्लास्टिक गरम पाण्यात मऊ करून तोंडावर दाबतात. गार झालं की चेहऱ्याचा साचा तयार.

जाळीत एक केस अडकला होता... लांब, पांढरा.

ज्योतीरामला टक्कल.

"सनीभाऊ, हा कुणी वापरलेला हाय का?"

"शालनबाई म्हणून होत्या, डाव्या गालात गाठ." टेक्निशियन सनी हसला. "मास्क बनवला आणि मशीन बंद पडलं. तारीख मिळायच्या आत गेल्या. गरम पाण्यात टाकला की नवाच होतो काका. तुम्हाला काय लग्नात मिरवायचाय?"

मशीनमध्ये सरकवलं. हातात बोलवायचा रबरी फुगा. ठकठक, घरघर सुरू.

मग सगळं थांबलं...

त्या शांततेत कुणीतरी श्वास घेतला.

ज्योतीरामनं स्वतःचा रोखून धरला.

तो श्वास चालूच राहिला... मास्कच्या आत, गालाला लागून.

"माजा नंबर हाय."

बाईचा आवाज.

त्यानं फुगा दाबला.

"काय काका?" स्पीकरवर सनी.

"आत बाई हाय..."

"तुम्हीच कसेबसे मावलाय! हललात तर आजचं कॅन्सल. पुढची तारीख दिवाळीनंतर."

ज्योतीराम हलला नाही. त्याला जगायचं होतं.

फोटोत गाठ आली... डाव्या गालात.

"उजवीकडं हाय साहेब!" त्याची बायको अनिता भांडली. "तपासायला तुकडाबी उजवीकडनंच काढलेला."

डॉक्टरनं स्क्रीनवरून मान वळवली नाही. "किरणांची आखणी एमआरआय बघून होते बाई, तुमच्या बोटाकडे बघून नाही. परत काढायचाय? मग थांबा."

तोंड उघडून बघायला कितीसा वेळ लागतो? नाही बघितलं.

आणि ही दोघं डाव्या गालावर किरणं घ्यायला कबूल झाली. थांबायला वेळच नव्हता.

डावा गाल भाजला. कातडी सोलून निघाली. उजवी गाठ वाढत वाढत गाल फोडून बाहेर आली. नंतरचा एमआरआय...

स्वच्छ.

"अभिनंदन," डॉक्टर म्हणाला.

एका दुपारी निघोज्याच्या खोलीत अनिता नाकातल्या नळीनं पेज घालत होती. ज्योतीरामचा जबडा आवळलेला. जीभ मेलेली. ओठ मिटलेले.

त्या मिटल्या तोंडातून आवाज आला... म्हातारीचा, तृप्त.

"आता बरं वाटतंय गं पोरी."

ज्योतीराम डोळे फाडून अनिताकडं बघत होता. त्यालाही ऐकू आलं होतं.

त्याच आठवड्यात तो गेला.

शेजारी म्हणून गेलं की अनिता दर वेळी मला विचारायची... त्या दुपारी पेज कुणाच्या पोटात गेली?

मी तिच्याकडं जाणं बंद केलंय.