चावी खिशात

मोबाइल उलटे ठेवा आणि गप्प बसा. ज्याला हसायचंय त्याने आत्ताच घरी जावं. ही माझ्या साडूची गोष्ट आहे, आणि रचून सांगण्याइतकं डोकं त्याला नाही.

साडू प्लास्टिक भंगाराच्या कारखान्यात रात्रपाळीला. बादल्या, डबे तुकडे करायचं मशीन कडाकड खातं. पण पातळ पिशव्या नि जाळ्या आल्या की त्या पात्यांच्या दांड्याला गुंडाळून बसतात. मग मशीन बंद करायचं, आत उतरायचं आणि सुरीने वेढे सोलून काढायचे. चावीशिवाय मशीन सुरू होत नाही, म्हणून एक जण आत, दुसरा चावी घेऊन बाहेर. साडूचा जोडीदार होता पेंगुळ्या. उभ्याउभ्या डुलक्या काढायचा, पण चावी सोडायचा नाही. साडू आतून विचारायचा, "चावी?" तो म्हणायचा, "खिशात." अकरा वर्षं हेच.

मग मालकाच्या डोक्यात आलं, एका कामाला दोन माणसं कशाला? जोडी फोडली. पेंगुळ्या दुसऱ्या पाळीत एकटाच आत उतरला, चावी मशीनलाच, आणि कुणीतरी मशीन सुरू केलं. घरच्यांना तोंडसुद्धा बघायला मिळालं नाही. एवढं होऊनही मालकाने माणूस वाढवला नाही.

त्याला आठ महिने झाले. अकरा मार्च, बुधवार, रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं. जाळ्या अडकल्या. साडू घाईत आत उतरला, चावी मशीनलाच राहिली. सवयीने विचारलं,

"चावी?"

"खिशात."

साडू निवांत सोलायला लागला. एक वेढा. दुसरा. तिसऱ्याला हात थांबला.

बाहेर... कोण आहे?

ओरडायला गेला. तेवढ्यात पावलं वाजली. फोरमन. मशीन बंद का, म्हणून शिव्या घालतच आला, साडूची हाक त्यातच बुडाली. आत डोकावला नाही. बटण दाबलं.

टक.

...

टक.

काही नाही. चावीची जागा रिकामी.

साडूला बाहेर ओढलं तेव्हा फोरमनला घाम फुटला. म्हणाला, मी आलो तेव्हा इथे चिटपाखरू नव्हतं. ती चावी आजवर मिळाली नाही. मालकाने दुसरी चावी करून घेतली. दुसरा माणूस नाही घेतला.

सोमवारी तपासणीचा साहेब आला. पाळीच्या वहीत बाहेर चावी धरणाऱ्याच्या सहीचा रकाना आठ महिने कोरा होता. फक्त त्या रात्रीच्या ओळीत निळा अंगठा. पेंगुळ्याला सही येत नव्हती.

मालकाने नेमकं तेच पान उघडलं. "बघा साहेब, आमच्याकडे दोन माणसं असतात."

साहेबाने अंगठ्यावरून बोट फिरवलं.

बोट निळं झालं. पाच दिवसांनंतर... शाई ओली.