तपशील शेऱ्यात

या, अशा जवळ सरकून बसा. अजून थोडं. कीर्तनात मागं बसणाऱ्याला टाळ तेवढे ऐकू येतात, बुवांना लागलेला दम ऐकू येत नाही. आणि माझ्या गोष्टीत सगळं त्या दम लागण्यातच आहे. गोष्ट प्रेमाची आहे, गोड आहे. शेवटी जराशी कडू लागेल… तरी ऐका.

मी पिंपळवंडीची अक्षदा. माझे अप्पा, सोपानराव, गावच्या सप्त्यात पखवाज वाजवतात. पाळण्यात होते तेव्हापासून मी कीर्तनाला जातेय. सात दिवस पहाटे काकडा, रात्री कीर्तन आणि आठव्या दिवशी काला. माझं वर्ष तिथूनच सुरू होतं.

दोन वर्षांपूर्वीचा मे महिना. कॉलेजला सुट्टी लागली आणि पुण्याच्या एका संस्थेनं आम्हा मुलांना सहा आठवड्यांच्या उन्हाळी कामाला घेतलं. जुन्नर-आंबेगावातल्या बाया दिवसभर काय काम करतात, त्याला किती वेळ लागतो, हे घरोघर विचारायचं, टॅबमध्ये भरायचं आणि मग त्या आकड्यांचा अर्थ लावायचा. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच सरावाला बाहेर काढलं होतं.

निमगाव सावाला बायडाबाईंच्या अंगणात पोचले, तर माझ्या आधीच एक मुलगा तिथं बसलेला! कांद्याच्या ढिगापाशी मांडी घालून, साठवणीच्या बराखीत भरायचे मोठे कांदे एकीकडं, बारकी चिंगळी दुसरीकडं, आणि मांडीवर आमच्यासारखाच टॅब.

“अहो, हे घर माझ्या यादीत आहे,” मी म्हटलं.

त्यानं वर पाहिलं. मग बायडाबाईंकडं वळून अगदी गंभीरपणे म्हणाला, “मावशी, ह्या म्हणतात घर ह्यांचं आहे. आता तुम्ही कुठं जाणार राहायला?”

बायडाबाई तोंडाला पदर लावून हसल्या. “आसू दे बाबा ह्यांचं. कांदं निवडाया तरी हात लागंल.”

कुणाच्या तरी चुकीनं ते घर दोघांच्या याद्यांत पडलं होतं. नियमानं एकानं उठून जायचं. कुणीच उठलं नाही.

मी विचारलं, “मावशी, काल दिवसभरात तुम्ही काय काय केलं?”

“काय न्हाई बाई. घरीच व्हते.”

‘काही काम नाही’वर माझं बोट टेकणार, तोच त्यानं आपला तळवा स्क्रीनवर धरला. लागला नाही मला… नुसती सावली पडली.

“मावशी, पाणी कुणी भरलं?”

“मीच की.”

“गुरांचं?”

“मंग गुरं काय हांडा घिऊन जात्यात व्हय, भाऊ?”

असं करत करत एकवीस कामं निघाली. बाहेर पडल्यावर तो हळूच म्हणाला, “आणि तुम्ही ‘काही काम नाही’ लिहिणार होता.”

“मी बघत होते,” मी म्हटलं, “तुम्ही अडवता का ते.”

तो हसला. केसांत कांद्याचं पांढरं सालपट अडकलं होतं. मी ते एसटी येईपर्यंत सांगितलं नाही.

त्याचं नाव प्रबुद्ध. कळंबचा. वडील भागुजी, त्यांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. त्याला पुढं समाजसंशोधनच शिकायचं होतं. एकदा वळीव आला, गारा पडल्या आणि आम्ही दोघं एका दुधाच्या डेअरीच्या पत्र्याखाली उभे राहिलो. वर पत्रा असा कडाडत होता, की एकमेकांच्या कानाशी वाकून बोलावं लागत होतं. तेव्हा त्यानं सांगितलं, “ह्या कामाचं शिफारसपत्र मिळालं, की प्रवेशाचा फॉर्म भरणार. पत्राशिवाय फॉर्म घेत नाहीत. पंचवीस तारीख शेवटची, शनिवार.”

“मिळणारच की,” मी म्हटलं.

“तुम्ही देणार आहात का?”

“मी काय देणार…”

“बघा हं,” तो म्हणाला. गारा थांबल्या होत्या, तरी तो कानाशीच बोलत होता.

दुसऱ्या आठवड्यापासून मला जुन्नरच्या ऑफिसात टेबलावर बसवलं. मुक्काम मावशीकडं. रोज संध्याकाळी सगळ्यांचे टॅब रिकामे व्हायचे, मूळ नोंदी पुण्याला जायच्या आणि त्यांची प्रत माझ्यापुढं. चुका शोधायच्या. ऑफिस सांभाळणाऱ्या आमच्या वैजयंती मॅडमचा दंडक होता, की टेबलावरच्या माणसाला गावाचं नाव कळता कामा नये, फक्त क्रमांक. आपल्या गावात मुलाखत घ्यायची नाही आणि कोण कुठं जातो ते एकमेकांत बोलायचं नाही. भरणाऱ्याचाही क्रमांकच; पण चार नंबर म्हणजे प्रबुद्ध, हे मला पहिल्या दिवशीच कळलं. कारण शेवटचा रकाना असायचा शेऱ्याचा. बाकीची मुलं तो कोरा सोडायची. चार नंबर सोडत नसे.

‘घर ११. मावशींनी ताक दिले. नियमाप्रमाणे नाकारले. दुसऱ्यांदा नाकारता आले नाही.’

‘घर १७. टेबलावरच्या मॅडम दुपारचे जेवण चुकवतात असे समजते. खरे आहे का? हो / नाही / सांगता येत नाही.’

टेबलावरच्या मॅडम म्हणजे मी; सकाळी प्रत्येकाला चुकांची चिठ्ठी मी द्यायची. त्याच्या चिठ्ठीत लिहिलं, ‘घर १७. प्रश्न नऊ रिकामा. शेरा कामाचा नाही. उत्तर: हो.’

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कागदात बांधलेली दोन थालीपिठं.

असे दोन आठवडे गेले. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलं नाही. दिवसभर आकडे तपासायचे आणि शेरा शेवटाला ठेवायचा, जसा प्रसाद आपण कीर्तन संपल्यावरच तोंडात टाकतो. प्रेमाबद्दल मात्र कुणीच काही बोललं नव्हतं. बोलायची गरज काय, असं वाटायचं तेव्हा.

मग तो बुधवार आला. तीन दिवस मला बरं नव्हतं, शेरे वाचायचे राहिले होते. आल्या आल्या मॅडम म्हणाल्या, “अक्षदा, आत्तापर्यंतची सगळी फाइल आज पुण्याच्या सरांना दाखवायची. तासाभरात पाठव.”

सगळी फाइल… म्हणजे शेऱ्यासकट. थालीपिठांसकट! माझा चेहरा तापला. मॅडमची पावलं मागं वाजली आणि मी एका झटक्यात शेऱ्याचा अख्खा रकाना निवडून पुसून टाकला. न वाचताच.

मग तपासणी लावली. सारखीच उत्तरं कुठं आलीत, ते त्यात कळायचं. चौदा घरं लाल झाली. चौदाही चार नंबरची. चौदा घरांतल्या बाया पहाटे सव्वाचारला उठलेल्या. चौदांनी तीन-तीन तास ‘इतर’मध्ये घातलेले. आणि चौदा घरांत संध्याकाळी चूल पेटलेली नाही.

असं कुठं असतं का? बाईमाणूस आणि चूल नाही? घरोघर न जाता झाडाखाली बसून भरलेला फॉर्म असाच दिसतो, हे आम्हाला शिकवलं होतं.

मॅडम वाकून बघत म्हणाल्या, “ह्याला बोलावून आधी विचारायचं का?”

आणि मी, जिला त्याचे शेरे पाठ होते ती मी, म्हणाले, “आकडे स्पष्ट आहेत, मॅडम.” मी त्याला पाठीशी घालते असं कुणाला वाटू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं. न्यायी दिसायचं होतं मला.

गुरुवारी त्याला बोलावलं. तो दारातून माझ्याकडं बघून हसला, मग मॅडमचा चेहरा बघून थांबला. सगळं ऐकून घेतलं त्यानं.

“मॅडम, पिंपळवंडीला सप्ता सुरू आहे,” तो शांतपणे म्हणाला. “काकड्याला सगळ्या बाया पहाटे उठतात. संध्याकाळी गावाची पंगत मंदिरापाशी असते, मग घरात चूल कशाला पेटेल? आणि फॉर्ममध्ये भजन-कीर्तनाला रकानाच नाही. म्हणून ‘इतर’ लिहिलं. तपशील शेऱ्यात आहे.”

पिंपळवंडी! माझं गाव. माझ्या आळीतल्या बाया, माझी आई, रांगेनं माझ्यापुढं लाल होऊन उभ्या होत्या आणि मी ओळखल्या नव्हत्या. आजारपणात त्या वर्षी सप्त्याला गेले नव्हते, तरी सप्त्यात वाढलेल्या मुलीला सव्वाचार हा आकडा कळला नाही. देवाला फॉर्मात जागा नव्हती, ठीक आहे. माझ्या डोक्यात तरी असायला हवी होती ना?

“फाइलमध्ये शेरा नाहीये,” मॅडम म्हणाल्या. “अक्षदा, ह्यानं शेरा लिहिला होता का?”

प्रबुद्धनं माझ्याकडं पाहिलं. निवांत. त्याला वाटलं, झालं, सुटलो.

मूळ नोंद पुण्याला होती. मागितली की दिवसात मिळते, हे मला ठाऊक होतं. पण ती उघडली की सगळे शेरे उघडणार. ऑफिसात वाचले जाणार, मग गावात, मग घरात. कळंबच्या बौद्धवाडीतला मुलगा आणि पखवाजवाल्या सोपानरावांची मुलगी. ती भीती होती का मनात? होती. तुमच्यापुढं खोटं कशाला बोलू?

“मला… आठवत नाही, मॅडम.”

त्यानं टॅब टेबलावर ठेवला. चार्जरची वायर नीट गुंडाळून त्याच्यावर ठेवली. आणि गेला.

शुक्रवार गेला, त्याचं शिफारसपत्र निघालंच नाही. शनिवारी पाच वाजता मी घड्याळ बघत होते. तारीख मला पाठ होती.

रविवारी काल्याला गावी गेले. अप्पांचा पखवाज असा लागला होता, की दगडानंही मान हलवावी. माझे हात मात्र टाळीला उठेनात. महाप्रसादाला चिमटभर भात घेऊन बसले होते, तर शेजारच्या काकू म्हणाल्या, “अगं अक्षदे, तुमच्या हाफिसातला तो पोरगा लई गुणाचा. इचारून झालं तर निघून नाय गेला. पंगतीत वाढाया लागला. तुझ्या अप्पांपाशी बसून रात्रभर ऐकत व्हता.”

मी उठले. मंदिरामागं अप्पा पखवाजाला लावलेली कणीक खरवडत होते. त्यांना सगळं सांगितलं, शेऱ्यापासून ‘आठवत नाही’पर्यंत. आता भडकतील, म्हणून डोळे मिटून उभी राहिले.

“तो कळंबचा?” अप्पा म्हणाले. “माझ्या हातावर ताल धरून बसला व्हता. म्हणला, आमच्याकडं बी भजनं असत्यात, पेटी-ढोलकीवर.” मग कणकेचा गोळा बाजूला ठेवला. “पोरी, पोटाला चिमटा घेऊन माणूस शिकाया बघतंय, आन तू त्याला खोटा पाडला. मला भ्यालीस व्हय? आगं, इचारायचं तरी व्हतं मला.”

तेही मी विचारलं नव्हतं. कुणालाच काही विचारलं नव्हतं मी.

त्याच रात्री मॅडमना फोन केला. सोमवारी मूळ फाइल आली. मॅडमनी चौदाही शेरे वाचले. सगळ्यांत तेच: सप्ता, काकडा, पंगत, चूल नाही. चौदाव्या घरापाशी त्या थांबल्या आणि स्क्रीन माझ्याकडं वळवली.

‘टेबलावरच्या मॅडमसाठी. काल तुमच्या अप्पांचा पखवाज ऐकला. विचार करताना तुम्ही बोटांनी टेबल वाजवता, ते कुठून आलं ते कळलं.’

मॅडम मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळवारी शिफारसपत्र घेऊन मी स्वतः कळंबला गेले. तो दुकानात मोटरीवर तांब्याची तार गुंडाळत बसला होता. मला बघून त्यानं स्टूल पुसून पुढं केलं. पत्र वाचलं, घडी घातली.

“छान लिहिलंय,” तो म्हणाला. “शनिवारी हवं होतं.”

“माझ्यामुळं गेलं तुझं वर्ष.”

“वर्ष पुन्हा येतं.”

“प्रबुद्ध… माझं तुझ्यावर प्रेम आहे. हे मी आधी बोलायला हवं होतं.”

त्याचे हात थांबले. “माझंही आहे,” तो म्हणाला. इतक्या सरळपणे, की मला वाटलं, आता सगळं नीट होईल. “रकाना पुसलास, त्याचं काही नाही. घाबरलीस. चूक कुणाचीही होते. पण त्या खोलीत तू ‘आठवत नाही’ म्हणालीस ना…”

“मी पुन्हा कधी—”

“ऐक तर. ती एकच खोली होती, अक्षदा, आणि आत फक्त मॅडम होत्या. आपण पुढं गेलो, तर अशा किती खोल्या येतील? पाहुण्यांच्या, पत्रिकेच्या, गावच्या बैठकीच्या. प्रत्येक खोलीत कुणीतरी तुला विचारेल, हा कोण? आणि मी प्रत्येक वेळी तुझ्या तोंडाकडं बघत उभा राहणार.” तो जरासं हसला. “तेवढी छाती नाही माझी.”

माझ्याकडं उत्तर असतं, तर गुरुवारीच निघालं असतं.

त्याची आई, चिमाबाई, आतून चहा घेऊन आल्या. “पावणी हाय का रं ही?” त्यांनी विचारलं.

“ऑफिसातल्या आहेत, आई,” तो म्हणाला. ‘तू’चं पुन्हा ‘तुम्ही’ झालं होतं. चहा गोड होता. मी सगळा प्यायले आणि मंचरची गाडी धरली.

पुढच्या वर्षी त्यानं फॉर्म भरला, प्रवेश मिळाला, एवढं कुणाकडून तरी कळलं. त्यापुढचं मला ठाऊक नाही आणि विचारायचा हक्कही उरला नाही. त्या सर्वेक्षणाचं पुस्तक निघालं. मागं मदतनिसांची नावं छापलीत. त्यात माझं आहे. त्याचं राहून गेलं.

म्हणून तुम्हाला जवळ बोलावलं. माझी आठवण नाही ठेवलीत तरी चालेल. पण त्याची ठेवा. प्रबुद्ध भागुजी, मुक्काम कळंब, तालुका आंबेगाव. चौदा घरं तो खरोखर गेला होता. चौदा बायांपुढं बसला होता आणि त्यांनी जे सांगितलं, तेच त्यानं लिहिलं. मला आठवतंय. सगळं आठवतंय.