गाडी जिंकली की ती?

वर्षभराच्या शर्यती संपल्यावर, आज सकाळी, विजेत्या मुलीच्या गाडीत तपासनिसांना एक छोटं यंत्र सापडलं. वळणावर चाकं घसरू न देणारं, शर्यतीत बंदी असलेलं. पाच वाजेपर्यंत खुलासा गेला नाही, तर तिचं विजेतेपद जाणार होतं.

तीनला गुप्तहेर बाई गॅरेजमध्ये आल्या. मागोमाग वही सांभाळत त्यांचे दीर.

"मी सांगत नव्हतो?" गाड्यांचा मालक म्हणाला. "जिंकायची गाडी. ही नुसती आत बसायची."

"मग तुम्हीच बसायचं होतं," मुलगी फाडकन म्हणाली.

बाईंनी तिच्या गाडीत डोकं घातलं. "भाऊजी, लिहा. ब्रेकच्या पेडलचं रबर उजव्या कडेला झिजलंय."

"वहिनी, रबराचं काय घेऊन बसलात? यंत्राचं लिहू की!"

"लिहा हो."

मेकॅनिक आधीच वैतागलेला. "काल माझी सुट्टी होती. गॅरेजची किल्ली मालकांच्या भाच्याकडे. दोन्ही गाड्या जुळ्या आहेत, बाई. नंबरचे पत्रे आणि सीट काढली, तर मीसुद्धा गोंधळेन."

भाचा दुसरी गाडी चालवायचा. प्रत्येक शर्यतीत तिच्या मागे यायचा.

"मी ब्रेक उजव्या पायाने मारतो, रीतसर," बाईंनी विचारल्यावर तो म्हणाला. "हिचा डावा पाय कायम ब्रेकवर. अडाणी पद्धत!"

"त्याच पद्धतीने तुला वर्षभर धूळ चारली," मुलगी म्हणाली.

बाई दुसऱ्या गाडीत वाकल्या. "रबर, डावी कड."

या वेळी भाऊजींनी मुकाट्याने लिहिलं.

साडेचारला बाईंनी सगळ्यांना जवळ बोलावलं.

"उजवा पाय ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर येतो, तेव्हा पेडलची उजवी कड झिजते. डावा पाय डावी कड झिजवतो. म्हणजे यंत्राची गाडी वर्षभर भाच्याने चालवली. तपासणीची कुणकुण लागताच, काल किल्ली हातात असताना, त्याने पत्रे बदलले, सीटही बदलली. पायाखाली बघायचं तेवढं राहिलं."

भाच्याची मान खाली गेली.

"अरेच्चा!" भाऊजींच्या तोंडून निघालं.

मालक खाकरला. "बेटा, घरातली गोष्ट आहे. खुलासा गुपचूप पाठवू."

"गुपचूप नाही. काका, लिहा," मुलगी भाऊजींना म्हणाली. "यंत्र भाच्याच्या गाडीत होतं. त्या यंत्रासकट तो प्रत्येक शर्यतीत माझ्या मागे राहिला. खाली मालकांची सही."

मालक जागचा हलेना. तिने वही त्याच्यापुढे सरकवली.

"गाडी जिंकते म्हणता ना? मग ही यंत्राची गाडी का हरली, तेही लिहा. नाहीतर सही करा."

मालकाने पेन उचललं.