कच्ची ट्राम

वन्सं, तुम्ही खिडकीजवळच्या खुर्चीत बसा, तिला पाठ टेकायला बरं पडतं. मी इथे स्टुलावर आहे. आत्ता कुठे तीन वाजतायत, पण आभाळ बघा कसं दाटून आलंय. टेबलावरचा दिवा लावते. चहा घ्या, गार होईल. यांचा आत नुकताच डोळा लागलाय, पडू देत. आणि माझं एक काम करा. माझ्याकडे बघितलं नाहीत तरी चालेल, पण समोरच्या या ट्रामवरची नजर हलवू नका. हसू नका हो. मला वेड लागलेलं नाही. वेड्या माणसांना झोप तरी लागते.

सगळी गाडी लाल आणि मधल्या खिडकीखाली तो एकच निळा ठोकळा, दिसला ना? तो तिथून हलता कामा नये. एवढंच लक्ष ठेवायचं. का ते सांगते, आधी माझे हात या शालीत गुंडाळून दातांनी गाठ मारून घेते. असू दे, थंडी नाहीये ते मलाही कळतं.

तुमच्या भावाने छत्तीस वर्षं ट्राम चालवली. रिटायर झाल्यावर माणूस जरा वेगळं काही करेल की नाही? छे! घरी बसून पुन्हा ट्रामच. पोरांच्या खेळण्यातल्या प्लास्टिकच्या ठोकळ्यांची. हातभर लांब, मोटर बसवलेली, दारं उघडणारी. ही अख्खी खोली त्यात गेली. डबेच्या डबे ठोकळे, आणि त्यातला एखादा अनवाणी पायाखाली आला की ब्रह्मांड आठवायचं. मी कुरकुरायचे. पण खरं सांगू, बरंही वाटायचं. दिवसभर इथून टक् टक् आवाज यायचा, ठोकळ्यावर ठोकळा बसल्याचा. तो आला की माणूस घरात आहे हे कळायचं.

त्यांची एक रीत होती. आधी कच्ची गाडी. हाताला येईल त्या रंगाचा ठोकळा घ्यायचा आणि नुसता आकार उभा करायचा. वळणावर चाक अडकत नाही, दार घासत नाही, हे पटलं की मग रंग. गाडी मोडायची नाही. एकेक चुकीचा ठोकळा अलगद काढायचा आणि त्या जागी त्याच मापाचा, खऱ्या रंगाचा बसवायचा. महिना महिना चालायचं. सगळे रंग जागेवर आले की सगळ्यात शेवटी ड्रायव्हरचा बाहुला. केबिनमध्ये खाली मोटर असते, बाहुला मावत नाही, म्हणून त्याचे पाय काढून बाजूला ठेवायचे आणि कमरेवरचं धड तेवढं बसवायचं. मग म्हणायचे, "झाली पक्की." मी म्हणायचे, "अहो, त्या बिचाऱ्याचे पाय!" तर म्हणायचे, "ड्रायव्हरचे पाय कोणाला दिसतात? छत्तीस वर्षांत माझे कोणी बघितले का?"

फळीवर चार हिरव्या गाड्या आहेत. नाही, आत्ता नका बघू, नजर इथेच ठेवा. डेपोतल्या चार मित्रांच्या त्या, ज्याची त्याची, नंबरासकट. लंबूची पहिली, मग भाईची, मग त्या दोघा मेहुण्यांच्या. चौघेही गेले. म्हातारी माणसं, जायचीच, असं मी म्हणत राहिले. ज्याची गाडी पक्की झाली तो आठवड्याच्या आत गेला, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. यांच्या आलं होतं. पण तोंडातून अवाक्षर काढलं नाही.

पाचवी ही, यांची स्वतःची; यांची खरी गाडी लाल होती. कच्ची झाली आणि तशीच राहिली. पिवळी, पांढरी, निळी, करडी. वर्ष उलटलं तरी रंगाला हात लावेनात. विचारलं तर म्हणायचे, "राहू दे गं, घाई काय आहे?" मला वाटलं, डोळ्यांना दिसेनासं झालंय, हात थरथरतात, आणि बायकोला सांगायची लाज वाटतेय. वन्सं, मला कुठून दुर्बुद्धी सुचली! वाढदिवस जवळ आला होता. म्हटलं, आपणच करून ठेवू, खूश होतील. पिशवी घेऊन खेळण्यांच्या दुकानात गेले आणि लाल ठोकळे घेऊन आले. भाजी आणावी तशी आणले हो! हे दुपारी झोपले की रोज इथे बसून थोडे थोडे बदलायचे. इतकी वर्षं बघून हात बसला होता. शेवटचा लाल लावला, बाहुल्याचे पाय काढले, त्याला केबिनमध्ये बसवलं आणि यांना डोळे मिटायला लावून हाताला धरून आणलं.

डोळे उघडले आणि चेहरा पांढराफटक पडला.  मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाले, "छान केलीस. अगदी पक्की." त्याच संध्याकाळी बाथरूममध्ये पडले. डॉक्टर म्हणाले, कमरेखाली काही उरलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी श्वास अडकायला लागला. मला जवळ बोलावलं आणि तेव्हा कुठे लंबूपासूनचं सगळं सांगितलं.

"मी मुद्दाम कच्ची ठेवली होती गं... तुला सांगायला हवं होतं."

"मग आता मी काय करू?"

"एखादा चुकीचा ठोकळा लाव... बघ तरी लावून..."

मी धावत आले. मधल्या खिडकीखालचा लाल उपटला, दोन नखं तुटली, आणि हाताला आला तो निळा दाबून बसवला. आत गेले तर धाप बसलेली. तासाभराने सूप मागितलं. डॉक्टरांनी तोंडात बोटं घातली. मी मात्र त्या निळ्या ठोकळ्याला हात जोडले, विश्वास ठेवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा धाप. इथे येऊन बघते तर खिडकीखाली लाल! निळा आपला बाजूला टेबलावर पडलेला.

सात महिने झाले, रोज हेच. सकाळी सगळं ठीक असतं. दुपारी घर शांत होतं, या खोलीत प्लास्टिकचा आणि मोटरच्या तेलाचा वास जरा दाटून येतो, माझी मान कलते न कलते तोच टक्. खडबडून उठते तोवर लाल बसलेला असतो आणि आत घरघर सुरू झालेली असते. पुन्हा निळा लावते. घरातले लाल ठोकळे एकूण एक गोळा करून पोत्यात भरले आणि देऊन टाकले. पलंगाखाली, कपाटामागे हात घालून शोधले. औषधालासुद्धा एक ठेवला नाही. तरी लाल येतोच. निळा गोंदाने चिकटवला, तर गोंदासकट निघाला. अख्खी गाडीच मोडून टाक म्हणाल. आलं होतं तेही मनात, हातोडीसुद्धा घेतली होती. पण एक लाल ठोकळा लागला तर माणूस जायला टेकतो, सगळी गाडी फुटली तर काय होईल? हात उचलला नाही.

मी दमलेय हो, वन्सं. यांना पुसणं, कूस वळवणं, चादरी बदलणं, भरवणं, त्याचं मला काही नाही. ते मी आणखी दहा वर्षं करेन. पण हे राखण करत बसणं नको झालंय. डोळे मिटायची भीती वाटते. सकाळी त्यांना बघून तुम्ही स्वयंपाकघरात आलात आणि म्हणालात, "याचे हाल बघवत नाहीत, सुटला तर बरा." मी केवढी डाफरले तुमच्यावर! का माहितीये? कारण तेच माझ्या मनात येतं. चमचा तोंडात घालताना येतं. मग दिवसभर स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

परवा दुपारी त्यांनी हाक मारली.

"एक सांगू? रागावणार नाहीस?"

"सांगा की."

"लाल... तूच लावतेस."

मी म्हटलं, "काहीतरीच काय!"

"दार उघडं असतं ना, पलंगावरून दिसतं मला. स्टुलावर पेंगतेस. मग उठतेस... डोळे उघडे असतात तुझे. एप्रनच्या खिशातून लाल काढतेस, तो बसवतेस, पुन्हा जागेवर जाऊन मान टाकतेस. आणि मग आवाजाने दचकतेस."

"अहो, मग हाक का नाही मारलीत? सात महिने?"

"कशी मारू?" म्हणाले. "किती दमलीयेस ते दिसतं ना मला."

मी तिथेच उभ्या उभ्या एप्रनचा खिसा उलटा केला. तीन लाल ठोकळे खाली पडले. कुठून आले, शपथ घेऊन सांगते, मला माहीत नाही. दुकानाची पायरी मी त्यानंतर चढलेले नाही. कितीतरी वेळ भिंतीला टेकून रडले. ज्या माणसासाठी डोळ्यांत तेल घालून बसले, त्याच्या जिवावर मीच उठलेय? आणि तो पडल्या पडल्या बघतोय, आणि मला दमलीस म्हणतोय!

म्हणून तुम्हाला फोन केला. मीच करत असेन तर मला धरून ठेवणारं कोणीतरी हवं. आणि तुमच्याहून जवळचं यांना कोण आहे? पाठची बहीण तुम्ही, लहानपणी यांना ताप आला तर तुम्ही जेवायच्या नाहीत. एप्रन सकाळीच कचऱ्यात गेलाय. हात शालीत आहेत. पाय स्टुलाच्या दांडीत अडकवलेत. माझी मान कलली तर खुशाल थोबाडीत मारा, मी वाईट वाटून घेणार नाही. सात महिन्यांत पहिल्यांदा वाटतंय, आज निळा राहील. तासभर झोपू का मी? नुसती बसल्या बसल्या?

ऐकलंत? आत्ता... टक् असं?

नाही?

मला कानात वाजल्यासारखं झालं असेल. रोजची सवय. वास मात्र येतोय, तेलाचा... तुम्हाला येतोय का? वन्सं? काहीतरी बोला ना. अशा काय बघताय गाडीकडे...

निळा कुठे गेला?

माझे हात शालीत आहेत. हे बघा, हे दोन्ही. गाठसुद्धा सुटलेली नाही. मी जागची हललेले नाही, तुमच्यासमोर बसलेय... वन्सं, तुमची मूठ. उजवी. उघडा बघू.

नाही, नाही, रडू नका. मी ओरडत नाहीये तुमच्यावर. तुम्हाला काही कळलं नसेल, मला माहितीये, मलाही कळायचं नाही. तो लाल उपटा, निळा लावा आधी. तुम्हीच लावा, माझी गाठ सुटत नाहीये. लवकर, आत घरघर लागली त्यांना. दाबा... अजून दाबा. हं. बसला.

झालं. बसेल आता धाप. पुसा डोळे.

ती पर्स पोटाशी धरून का बसलात? खाली ठेवा ना... वन्सं, तिच्यात काय खुळखुळतंय?