येते हं, दिदा

हे खरं घडलेलं आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी पुढे वाचू नये, माझी काही हरकत नाही. मला मात्र ते अजून रोज जगावं लागतं.

साल २०२०. कोलकात्यात दमदमला आमचं दोन खोल्यांचं घर. महालया, म्हणजे पितृपक्षाची अमावस्या, होऊन गेली होती, पण त्या वर्षी मधे अधिक महिना आला. पितरांना पाणी देऊन झालेलं आणि देवी यायला महिनाभर अवकाश. असल्या दिवसांत घरात कुणाची वापरलेली वस्तू आणू नये, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या.

आम्ही आणली.

माझी मुलगी झिनुक तेव्हा चौथीत होती. शाळा कॉम्प्युटरवर. आणि आमचा कॉम्प्युटर लग्नानंतरच्या पहिल्या दुर्गापूजेला घेतलेला. तो सुरू करून मी मासे साफ करून यायचे, तरी पडद्यावर नुसतं चक्र फिरत असायचं. बाई हजेरी घेत तेव्हा झिनुक तोंड उघडं टाकून गोठलेली दिसायची.

गैरहजर.

नवरा, पल्लव, अर्ध्या पगारावर. नवीन घेणं शक्यच नव्हतं.

"डबा तोच, पडदा तोच. आतली रॅम आणि डिस्क तेवढी बदलतो," असं म्हणून तो चांदनी बाजारातून दोन्ही घेऊन आला. तीही जुनीच. जमिनीवर पेपर पसरून बसला.

"कुणाची होती रे?"

"एका म्हाताऱ्या बाईंची. नात परदेशात. तिच्याशी बोलण्यापुरतं मशीन लावायच्या. म्हणजे बघ, झिजलंच नाही काही."

"मग विकलं कशाला?"

त्याने स्क्रू पिळला. "विचारलं नाही बुवा. तू पण ना!"

मशीन धावायला लागलं. दोन-चार दिवस आनंदीआनंद. मग एका संध्याकाळी शेजारी शंख वाजत होते... झिनुकने मशीन बंद केलं आणि म्हणाली,

"येते हं, दिदा."

दिदा म्हणजे आईची आई. माझी आई कृष्णनगरला. तिला साधा फोन धड लावता येत नाही.

"कुठली दिदा गं?"

"आतली. ती मला रोज 'ये' म्हणते."

निघताना 'जाते' म्हणायचं नाही, 'येते' म्हणायचं. मग घरच्या माणसाने 'ये' म्हणायचं. हे वळण मीच तिला लावलेलं.

दुसऱ्या संध्याकाळी मी दाराआड उभी राहिले. मशीन बंद झालं. आतला पंखाही थांबला.

"येते, दिदा."

काहीच नाही...

मग स्पीकरमधून, अगदी हळू...

"ये गं माय."

पल्लव पोट धरून हसला. "भूत? माझ्या मशीनमध्ये? अगं, ते आधी हँग होईल!" तरी माझ्या समाधानासाठी त्याने डिस्क पुसून कोरी केली, सगळं नव्याने भरलं. मग स्पीकर बघायला मागे वाकला आणि तसाच राहिला.

स्पीकरची वायर जोडलेलीच नव्हती.

झिनुक हेडफोन लावून शिकते, म्हणून पहिल्याच दिवशी त्याने ती काढून ठेवली होती.

त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही. माझं पोर रोज कुणाला तरी सांगत होतं, मी येते. आणि पलीकडून उत्तर येत होतं, ये. हा निरोप होता की बोलावणं?

सकाळी मी तिला जवळ घेतलं. "आज 'येते' म्हणायचं नाही. 'जाते' म्हणायचं."

"शी, मा! 'जाते' म्हटलं की तूच ओरडतेस ना!"

"आज म्हण. तुला माझी शपथ."

संध्याकाळी झिनुक म्हणाली, "दिदा, मी जाते."

मी वाट पाहिली...

उत्तर आलं नाही.

पल्लवने लगेच दोन्ही वस्तू काढल्या आणि बाजारात मिळेल त्या किमतीला फुंकून आला. आमचं जुनं रडकं मशीन पुन्हा सुरू झालं. मी देवापुढे दिवा लावला. किती दिवसांनी हसले.

दुसऱ्या संध्याकाळी मी झिनुकची वेणी घालत होते. घरात आम्ही दोघीच. मधेच तिने मान वळवली... रिकाम्या खोलीकडे... आणि मोठ्याने ओरडली,

"जाते!"

माझ्या हातातून पेड सुटले.

"कुणाला गं?"

"हाक मारली ना आत्ता. तुला ऐकू नाही आली?"

तेव्हा कळलं, मी काय करून बसले होते. आमच्या बंगालीत कुणी हाक मारली की मुलं याच शब्दाने ओ देतात. जाते. म्हणजे, आलेच. ती बाई रोज बोलावत होती आणि माझी पोर 'येते', म्हणजे पुन्हा कधीतरी, म्हणून रोज ते पुढे ढकलत होती. मी शपथ घालून तिला ओ द्यायला लावली.

झिनुक आता नववीत आहे. हुशार आहे, हसरी आहे. डॉक्टर झाले, भूत उतरवणारा ओझा झाला. कुणालाच काही सापडत नाही. पण अधूनमधून, तिन्हीसांजेलाच, ती ओ देते. मी तिला हाक मारणं कधीच सोडलंय. काही हवं असलं तर उठून तिच्यापाशी जाते, खांद्यावर हात ठेवते. मी हाक मारली आणि ती 'जाते' म्हणाली, तर ते मला म्हणाली की आणखी कुणाला, हे मला कसं कळणार?

काल मी भाताची पेज गाळत होते.

"जाते!"

हातातलं भांडं तसंच टाकून मी धावले. झिनुक दाराची कडी काढत होती.

तिच्या पायांत चपला होत्या.